एल, लागर आणि लांदा

नवरात्र जवळ आले की रायपूरच्या गोल बाजारात पूजासाहित्याच्या दुकानांत जव मागणारे गिऱ्हाईक वाढते. छत्तीसगडमध्ये या दिवसांत जंवारा पेरतात. टोपलीतल्या मातीत गहू किंवा जव टाकायचे, नऊ दिवस पाणी शिंपडून कोवळे अंकुर वाढवायचे आणि शेवटी वाजतगाजत त्यांचे विसर्जन करायचे. आपल्या घटस्थापनेच्या परडीतही हेच घडते.

अंकुर फुटताना दाण्याच्या आत जे चालते ते विलक्षण आहे. दाण्यात साठा असतो तो स्टार्चचा, आणि कोंबाला स्टार्च जसाच्या तसा वापरता येत नाही. म्हणून ओल मिळताच दाणा स्वतः विकरे तयार करतो. ही विकरे स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडून त्यांची साखर करतात. ही साखर माणसाने कोंबाच्या तोंडून काढून यीस्टला दिली, तेव्हा बिअर झाली. जव भिजवून, मोड आणून, वाळवला की त्याचा मॉल्ट होतो. मोड आलेली नाचणी वाळवून दळणाऱ्या मराठी घरांना ही क्रिया नवी नाही. बाळाच्या खिरीसाठी आपण करतो तेही मॉल्टच.

इंग्लंडच्या पबात बिअरच्या दोन प्रकारांवरून एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. घरची एल चांगली की परदेशातून आलेली लागर? एका बाजूला तांबूस, कोमट वाटावी इतपतच गार, फेस कमी असलेली बिटर नावाची एल. दुसऱ्या बाजूला सोनेरी, बर्फासारखी थंड, बुडबुड्यांनी भरलेली लागर. मराठी वाचकाला हा वाद दूरचा वाटेल. परंतु भारतीय माणसाने आयुष्यात चाखलेली बिअर बहुधा लागरच असते, आणि तिचा इतिहास आपल्या भूमीशी, अगदी पुण्याच्या खडकीशीसुद्धा, जोडलेला आहे. शिवाय रायपूर ज्या राज्याची राजधानी आहे तिथे धान्यापासून मद्य करण्याच्या जगातल्या दोन मूळ रीती आजही एकमेकींच्या शेजारी नांदतात. या वादाकडे लंडनहून पाहण्यापेक्षा गोल बाजारातून पाहिले तर जास्त दिसते, असे मला मनापासून वाटते.

आधी दोघींमधला फरक समजून घेऊ. रंग, कडूपणा किंवा नशा यांवर तो ठरत नाही. काळीकुट्ट लागर असते आणि फिकट पिवळी एलही असते. फरक आहे यीस्टचा आणि तापमानाचा. एलचे यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पावात आणि वाइनमध्ये काम करते तेच. ते साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला रमते, काही दिवसांत काम उरकते आणि फेसाबरोबर पृष्ठभागावर येते. ऊबेत काम करताना ते एस्टर नावाची सुगंधी संयुगे तयार करते. म्हणून चांगल्या एलमध्ये सफरचंद, नासपती, क्वचित केळे यांचा वास जाणवतो, जरी तिच्यात फळ नावालाही नसते. लागरचे यीस्ट सॅकरोमायसिस पास्टोरिआनस. ते ७ ते १३ अंशांच्या गारव्यात संथपणे काम करते आणि तळाशी बसते. त्यानंतर ही बिअर शून्याच्या जरा वर कित्येक आठवडे मुरत ठेवतात. लोणचे मुरावे तसा तिचा हिरवेपणा जातो. हाती येते ती स्वच्छ, कोरडी, फळांच्या वासाचा मागमूस नसलेली चव.

हे दुसरे यीस्ट निसर्गात मुळात नव्हतेच. ते संकरित आहे. त्याचा एक पालक एलचे यीस्ट, हे माहीत होते. दुसरा पालक कोण, हे मात्र फार काळ गूढ राहिले. २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात संशोधकांना तो सापडला. तिथल्या बीच जातीच्या झाडांवर एक बुरशी नारिंगी रंगाच्या गाठी आणते. त्या गोड गाठींवर थंडीत तग धरणारे एक रानटी यीस्ट राहत होते. त्याला नाव मिळाले सॅकरोमायसिस युबायानस. पण पॅटागोनियातले यीस्ट अमेरिकेशी व्यापार सुरू होण्याच्या काळात जर्मनीत कसे पोहोचणार, हा पुढचा प्रश्न होता. मग २०१४ मध्ये तिबेटच्या पठारावर त्याचा अधिक जवळचा वंश आढळला आणि २०२२ मध्ये आयर्लंडमधून, डब्लिनच्या विद्यापीठाच्या आवारातल्या मातीतून, युरोपातली पहिली नोंद झाली. दोन यीस्टांचा संकर म्युनिकच्या राजदरबारी ब्रुअरीत १६०२ नंतरच्या काही वर्षांत झाला असावा, असा तर्क जर्मन अभ्यासकांनी २०२३ मध्ये मांडला. जगात दरसाल विकली जाणारी बहुतांश बिअर अशा एका अपघाती संकरावर उभी आहे.

हा अपघात टिकला कशामुळे, याचे उत्तर एका सरकारी हुकमात आहे. बव्हेरियाच्या ड्यूकने १५५३ मध्ये उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी केली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच काळ परवानगीचा. उन्हाळ्यात बिअर नासत असे म्हणून ही बंदी, पण परिणाम असा झाला की हिवाळ्याच्या गारठ्यात जगणारे यीस्टच पुढच्या खेपेसाठी शिल्लक राहू लागले. कोणी ठरवले नव्हते, तरी थंडीच्या यीस्टची निवड होत गेली.

लागरचा सोनेरी रंग मात्र इंग्रजांकडून आला, आणि हा भाग पबमधल्या वादात फारसा निघत नाही. पूर्वी मॉल्ट लाकडाच्या उघड्या आगीवर भाजत, त्यामुळे तो तपकिरी आणि धुरकट होई. इंग्लंडमध्ये कोकचा वापर आणि गरम हवेच्या भट्ट्या आल्या, तसा फिकट मॉल्ट हुकमी तयार होऊ लागला. १८३३ मध्ये म्युनिकचा गॅब्रिएल सेडलमायर आणि व्हिएन्नाचा अँटन ड्रेहर हे दोन तरुण ब्रुअर ब्रिटनच्या दौऱ्यावर आले. त्यांनी कारखाने पाहिले, प्रश्न विचारले, आणि पोकळ करून घेतलेल्या हातातल्या काठ्यांतून आंबत्या रसाचे नमुने गुपचूप नेले. रात्री मुक्कामी ते नमुने तपासायचे. घरी परतल्यावर ड्रेहरने १८४१ मध्ये तांबूस व्हिएन्ना लागर काढली.

पुढच्याच वर्षी बोहेमियातल्या पिल्झेन गावाने सगळ्यांवर कडी केली. तिथल्या बिअरचा दर्जा इतका घसरला होता की १८३८ मध्ये नागरिकांनी ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली होती. मग गावकऱ्यांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल या ब्रुअरला बोलावले. इंग्रजी पद्धतीच्या भट्टीतला फिकट मॉल्ट, जवळच्याच झाटेक भागातले सुगंधी हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुले), पिल्झेनचे विलक्षण मऊ पाणी आणि बव्हेरियाचे थंडीतले यीस्ट. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिली खेप लागली आणि महिन्याभराने लोकांनी पारदर्शक सोनेरी बिअर पाहिली. आपल्याकडे हिरव्या किंवा तपकिरी बाटलीतून जी काही लागर येते, ती दूरच्या नात्याने या पिल्झेनचीच वंशज.

यानंतर विज्ञान मदतीला आले. कोपनहेगनच्या याकोब ख्रिश्चन याकोबसनने १८४५ मध्ये सेडलमायरकडून यीस्ट मिळवले आणि टप्प्याच्या घोडागाडीतून परत जाताना प्रत्येक थांब्यावर भांड्यांवर गार पाणी ओतत ते जिवंत घरी नेले. १८४७ मध्ये त्याने कार्ल्सबर्ग ब्रुअरी काढली आणि १८७५ मध्ये तिच्यासोबत प्रयोगशाळा. तिथे एमिल ख्रिश्चन हान्सन याने १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत सिद्ध केली. याकोबसनने हे ज्ञान दडवले नाही. यीस्ट आणि रीत दोन्ही इतरांना खुली केली. त्याच काळात कार्ल फॉन लिंडे म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी शीतयंत्र घडवत होता. थंडी यंत्रातून मिळू लागली तशी लागरला हिवाळ्याची गरज उरली नाही. पुढे ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रायपूरसारख्या गावी लागर मिळू शकली, ती या यंत्रामुळे.

भारतात आधी आली ती एल. पूर्व लंडनमधल्या बो येथे जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच्याच ब्लॅकवॉलच्या गोदीत लागत. कंपनीचे कप्तान खासगी व्यापारासाठी माल शोधत असत. हॉजसन त्यांना लांब मुदतीच्या उधारीवर बिअर देई. चार ते सहा महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, पिंपे सतत हिंदकळणार. भरपूर हॉप्स घातलेली फिकट एल हा प्रवास सोसून पोहोचे. हॉप्समधले कडू घटक कित्येक जिवाणूंना वाढू देत नाहीत. गोऱ्या सोजिरांच्या वाट्याला बहुधा स्वस्त काळी पोर्टर येई. फिकट एल ही अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची चैन होती.

हॉजसनची मक्तेदारी कंपनीलाच डाचू लागली, तेव्हा १८२२ च्या सुमारास बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या सॅम्युएल ऑलसपला तशीच बिअर करायला सांगण्यात आले. ऑलसपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, अशी कथा आहे. किटलीचे काहीही असो, बर्टनची एल हॉजसनच्या एलपेक्षा सरस निघाली हे खरे, आणि त्याचे कारण जमिनीखाली होते. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम विरघळलेले असते. या जड पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि धारदार उतरतो. पिल्झेनचे मऊ पाणी लागरला, बर्टनचे जड पाणी फिकट एलला. पाण्याने दोन गावांचे नशीब घडवले. बर्टनच्याच बास कंपनीचा लाल त्रिकोण १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमधले पहिले नोंदणीकृत व्यापारचिन्ह झाला.

मग इथेच बिअर का करू नये, हा विचार झाला. एडवर्ड डायर याने १८५५ मध्ये कसौलीला ब्रुअरी उभारली. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर हा त्याचाच मुलगा. १८८७ मध्ये बर्टनचा एच. जी. मीकिन हिंदुस्थानात आला. त्याने डायरकडून सिमला आणि कसौली इथल्या ब्रुअरी घेतल्या आणि रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग, खडकी अशा नव्या काढल्या. या यादीत खडकी हे नाव वाचून मी थबकलो होतो. बाकी सगळी थंड हवेची डोंगरगावे, आणि मधेच पुण्याजवळची छावणी. एलचे यीस्ट ऊब सोसते आणि खडकीत गिऱ्हाईक दाराशी होते, एवढा हिशेब पुरेसा असावा असा माझा तर्क आहे. ज्या बर्टनहून एल जहाजाने मुंबईला यायची, त्याच बर्टनचा ब्रुअर खडकीला भट्टी लावतो. डायर आणि मीकिन यांच्या कंपन्या पुढे एक झाल्या आणि १९४९ मध्ये एन. एन. मोहन यांनी त्या विकत घेतल्या. आजची मोहन मीकिन ती हीच.

विसाव्या शतकात शीतयंत्रे स्वस्त झाली, तसा एलचा काळ संपला. आज भारतातल्या बाटलीबंद बिअरमध्ये लागरचेच राज्य आहे आणि त्यातही ५ ते ८ टक्के मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’चे. इंग्लंडच्या रोजच्या बिटरमध्ये तो साधारण ३.५ ते ४.५ टक्के असतो. इंग्रज माणूस ५६८ मिलिलिटरचा पिंट घेऊन तासभर बोलत बसतो आणि आपल्याकडे बिअर लवकर चढावी अशी अपेक्षा ठेवतात, यामागे करांची रचना आणि पिण्याकडे चोरून करायची गोष्ट म्हणून पाहण्याची सवय, ही दोन कारणे मला दिसतात.

इंग्लंडमध्येही लागरने एलला मागे टाकले. १९६० च्या आसपास तिथल्या पबात लागरचा वाटा अगदी किरकोळ होता. १९८० चे दशक संपता संपता तो निम्म्यावर पोहोचला. गमतीची बाब अशी की परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक लागर ब्रिटनमध्येच तयार होतात. कार्ल्सबर्गने १९७० च्या दशकात नॉर्दॅम्प्टनला कारखाना उभारला. एलच्या बाजूने सामान्य पिणारे उभे राहिले. १९७१ मध्ये चार मित्रांनी स्थापन केलेली कॅमरा ही चळवळ पिंपातल्या जिवंत एलसाठी लढली. या एलचे शेवटचे आंबणे पबच्या तळघरात, पिंपातच होते. ती ११ ते १३ अंशांना, बाहेरून वायू न दाबता, हातपंपाने उपसतात. लंडनच्या फुलर्सची लंडन प्राइड, यॉर्कशरमधल्या टिमथी टेलरची लँडलॉर्ड, ससेक्सच्या हार्वीजची बेस्ट बिटर ही पबमधल्या जाणत्या माणसांच्या आवडीची नावे. या एल चार-पाच दिवसांत संपवाव्या लागतात. जिवंत असल्याने त्या नासतातही.

दोन्ही पक्षांना जोडणारा दुवा एका भारतीयाने काढला. हैदराबादच्या पारशी कुटुंबातले करण बिलिमोरिया यांनी १९८९ मध्ये लंडनमध्ये कोब्रा ही बिअर आणली. झणझणीत जेवणाबरोबर लागरचे बुडबुडे पोट फुगवतात आणि एल जड पडते, म्हणून लागरइतकी ताजी पण एलसारखी मऊ बिअर त्यांना हवी होती. सुरुवातीला ती बंगळुरूहून जहाजाने जात असे. आज ती बर्टनमध्ये तयार होते. हिंदुस्थानसाठी एल करून श्रीमंत झालेल्या गावात भारतीय नावाची लागर होते, आणि तिच्या घटकांत जवाबरोबर तांदूळही असतो.

तांदूळ म्हटले की आपण पुन्हा रायपूरला येतो. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. मोठ्या ब्रुअरी जवाच्या मॉल्टबरोबर तांदूळ किंवा मका वापरतात. अमेरिकेत अडोल्फस बुशने १८७६ मध्ये बडवायझर काढली तीही तांदूळ घालूनच. तांदळात स्टार्च भरपूर, स्वतःची चव मंद. त्यामुळे बिअर हलकी आणि फिकट होते. भातगिरणीत फुटलेली कणी या कामी चालते. रायपूरपासून जवळच दुर्गला २०१६ पासून सिंबा ही बिअर तयार होते. तिच्यात लागर आहे, गव्हाची विट आहे आणि काळी स्टाउटही. विट आणि स्टाउट दोन्ही एलच. महाराष्ट्रात हा बदल त्याआधी दिसला. २००९ मध्ये पुण्यात डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि तिने नाशिकजवळच्या देवळाली छावणीच्या गोऱ्या सोजिरांनी रूढ केलेले नाव घेतले. पुण्यातली इंडिपेन्डन्स आणि मुंबईची गेटवे यांनी पुढे एलची चव मराठी शहरांना परत दाखवली.

पण छत्तीसगडची खरी बिअर कारखान्यातली नव्हे. बस्तरच्या आठवडी बाजारात बायका मडक्यातून लांदा विकतात. पांढरट, दाट, आंबूस पेय, पानाच्या दोन्यात किंवा तुंब्यात दिलेले. लांद्याची कृती ऐकली की ब्रुअरीचा कोणीही माणूस चकित होईल. तांदूळ भिजवून, दळून पीठ करतात. चुलीवरच्या हंडीत पाणी उकळते, हंडीवर टोपली, टोपलीत पीठ. वाफेवर ते शिजते, म्हणजे स्टार्च फुगून मोकळा होतो. दुसरीकडे मक्याचे दाणे, ज्यांना तिथे जोंधरा म्हणतात, ओल्या वाळूत घालून मोड आणतात. मोड आलेला मका उन्हात वाळवून जात्यावर दळतात. शिजलेले पीठ गार झाले की पाणी घालून हंडीत सोडतात आणि त्यात हे मोडाचे पीठ मिसळतात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, हिवाळ्यात थोडे जास्त. लांदा तयार.

लोक मोडाच्या पिठाला खमीर म्हणतात. प्रत्यक्षात ते मॉल्ट आहे. त्यातली विकरे तांदळाच्या स्टार्चची साखर करतात, आणि हंडीत, हवेत, दाण्यावर असलेले यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. बर्टनच्या कारखान्यात ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासाभरात होणारी क्रिया इथे हंडीत सावकाश, आंबण्याच्या जोडीनेच चालते. हॉप्स नसल्याने लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणूही वाढतात, म्हणून लांदा आंबट लागतो. ऊबेत आंबलेले, न गाळलेले, जिवंत आणि चार दिवसांत संपवायचे पेय. लक्षणांची यादी करा, इंग्रजी एलची यादी हीच निघते. मका अमेरिकेतून सोळाव्या शतकानंतर आपल्याकडे आला. पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरांत मोड आलेल्या मक्यापासूनच चिचा करतात. हजारो कोसांवरच्या दोन शेतकरी समाजांनी एकाच दाण्याचा एकच गुण हेरला.

राज्याच्या उत्तरेला गेले की रीत पालटते. सरगुजा आणि जशपूरच्या उराँव लोकांत हंडिया करतात. इथे मोड आणत नाहीत. भात शिजवून पसरतात आणि त्यात रानू नावाच्या वाळलेल्या गोळ्या कुस्करून घालतात. तांदळाचे पीठ आणि रानातल्या मुळ्या-साली यांच्या त्या गोळ्यांत बुरशी आणि यीस्ट दोन्ही दडलेले असतात. बुरशी स्टार्च तोडते, यीस्ट मद्य करते. जपानची साके, चीनची तांदळाची वाइन, ईशान्य भारतातली बहुतेक तांदूळ-मद्ये याच वाटेने जातात. म्हणजे मोडाची वाट, जी मेसोपोटेमियापासून इंग्लंडपर्यंत गेली, ती बस्तरमध्ये आहे. बुरशीची वाट, जी पूर्व आशियाची, ती सरगुजात आहे. दोहोंच्या मध्ये रायपूर. दक्षिणेला जगदलपूर सुमारे ३०० किलोमीटर, उत्तरेला अंबिकापूर त्याहून थोडे अधिक. एका राज्यात एवढ्या अंतरावर जगातल्या या दोन्ही रीती रोज वापरात असाव्यात, हे मला छत्तीसगडचे फार मोठे वैभव वाटते.

एक गैरसमज दूर करायला हवा. पर्यटकांना ‘बस्तर बिअर’ म्हणून जी दाखवतात ती सल्फी. ती सल्फीच्या झाडाचा पाझर आहे. हे झाड म्हणजे कोकणातला भेरली माड. रसात साखर आधीच असते, स्टार्च तोडावा लागत नाही, म्हणून सल्फी ताडी-माडीच्या कुळातली. मोहाची दारू तर ऊर्ध्वपातनाची. बस्तरची बिअर म्हणावी ती लांद्यालाच.

बस्तरची हलबी भाषा मराठी कानाला अर्धी ओळखीची वाटते. इंद्रावती नदीच्या अलीकडे गडचिरोली लागते. तेथे १९९३ पासून दारूबंदी आहे. वर्ध्यात ती १९७५ पासून आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५. छत्तीसगडमध्ये २०१७ पासून दारूची दुकाने सरकारच चालवते. आदिवासी समाजाला घरगुती मद्याबाबत काही सवलती आहेत. प्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण आंबवण्याची विद्या ही अन्नविद्या आहे आणि ती समजून घ्यायला प्यावे लागत नाही.

आता पबातल्या वादाचा निकाल. रायपूरच्या मे महिन्यात तहानेपुढे लागर जिंकते, यात शंका नाही. थंडीवर मिळवलेला विजय तिच्यात आहे आणि तो मोठा आहे. पण ३-४ अंशांना जीभ बधिर होते, वास उडत नाही, आणि वाईट बिअरचे दोष थंडीआड लपतात. चव हा निकष धरला तर माझे मत एलला. धान्य, पाणी आणि यीस्ट यांनी काय केले ते तिच्यात कळते, तसेच ते लांद्यात कळते.

रायपूरच्या कृषी विद्यापीठात भाताच्या २३ हजारांहून अधिक वाणांचा साठा आहे. त्याचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी घातला. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या गावोगाव हिंडून त्यांनी १९ हजारांच्या आसपास वाण गोळा केले. तांदूळ जपला गेला, तसे त्याला आंबवणारे यीस्ट आणि रानूच्या गोळ्यांतल्या बुरशीही गावागावांतून गोळा करून, करणाऱ्या बायकांच्या नावांसह आणि त्यांच्या संमतीने, जपल्या पाहिजेत. कोपनहेगनमध्ये एका पेशीपासून जे झाले ते आपण पाहिले. रायपूर, नागपूर आणि गडचिरोली इथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या तरुण विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की प्रबंधाचा विषय शोधताना एकदा बस्तरच्या आठवडी बाजाराला जा आणि लांदा करणाऱ्या बाईजवळ बसून तिची रीत लिहून घ्या.